वाटेवरचीं चावरीं कुत्रीं व शेतकऱ्यानें घ्यावयाची सावधगिरी

खरिपाची काढणी आटोपून रब्बीच्या पिकांस पाणी देण्याचें काम सुरू झालें, म्हणजे शेतकऱ्याचें अवेळीं जाणें-येणें वाढतें. शेतीच्या पंपांस वीज पुष्कळ ठिकाणीं रात्रींच्या पाळीस मिळते. त्यामुळें मध्यरात्रीं उठून, हातांत बत्ती घेऊन, एकट्यानें मळ्याची वाट धरावी लागते. पहांटे दुधाच्या किटल्या सायकलीस अडकवून डेअरीकडे जाणारा गवळी, चार-पांच किलोमीटरांवरील शाळेस सायकलीनें जाणारी मुलगी, ऊसतोडीसाठीं अंधारांत निघालेलें जोडपें, ह्या सर्वांस वाटेंत एक अडचण सारखीच भेटते. ती म्हणजे वाटेवरचीं चावरीं कुत्रीं. साप-विंचवांविषयीं शेतकरी सावध असतो. कुत्रा मात्र घरचाच प्राणी, त्याचें भय तें काय धरावयाचें, अशी आपली समजूत असते. परंतु सर्पदंशावर दंश झाल्यानंतरही उतारा आहे. कुत्र्याच्या लाळेंतून येणारा जलसंत्रास रोग एकदां अंगीं प्रकट झाला, म्हणजे त्यावर उतारा नाहीं. त्यांतून मनुष्य वांचल्याचीं उदाहरणें साऱ्या जगांत अगदीं मोजकीं आहेत. आणि तरीही हा रोग वेळेवर हालचाल केल्यास जवळ जवळ निश्चित टाळतां येतो. म्हणून ह्या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

कुत्रा अंगावर कां येतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. बहुतेक कुत्रीं चावण्यासाठीं धांवत नाहींत, हांकलण्यासाठीं धांवतात. प्रत्येक कुत्र्याची एक हद्द असते. ती तलाठ्याच्या नकाशांत नसली, तरी कुत्र्याच्या मनांत बांधाइतकी पक्की असते. वस्तीचें अंगण, खळें, उकिरडा, चहाच्या टपरीपुढील जागा, एवढी तिची व्याप्ति. तींत परका मनुष्य शिरला कीं तो भुंकत येतो, आणि मनुष्य हद्दीबाहेर पडला कीं आपण मोठा पराक्रम केला अशा ऐटीनें परत फिरतो. दुसरें कारण म्हणजे पळत्याच्या मागें लागण्याची उपजत बुद्धि. फिरतें चाक आणि पळते पाय दिसले, म्हणजे शांत बसलेला कुत्राही उठतो. तिसरें कारण भय. ज्याला वाट उरली नाहीं असा कोंडलेला कुत्रा, किंवा ज्यानें पूर्वीं धोंडे खाल्ले आहेत असा कुत्रा, न भुंकतांच चावतो. शिवाय कुत्रीं चार जमलीं, म्हणजे एकट्याच्या अंगीं नसलेलें धाडस त्यांच्या अंगीं येतें, हेंही विसरतां कामा नये.

ह्या जनावराचें वर्षही शेतकऱ्याच्या वर्षाप्रमाणें ऋतूंनीं बांधलेलें आहे. भाद्रपदांत गांवोगांव कुत्र्यांच्या झुंडी एका कुत्रीमागें हिंडतांना दिसतात. त्या झुंडीच्या मधून वाट काढूं नये. कुत्रीचा गाभणकाळ सुमारें ६३ दिवसांचा असल्यानें कार्तिक-मार्गशीर्षांत पिलें जन्मतात. व्यालेली कुत्री कडब्याच्या गंजीच्या आडोशास, रस्त्याखालच्या मोरीच्या नळांत किंवा उसाच्या कडेला बसते. आणि एरव्हीं गरीब म्हणून ओळखलेली हीच कुत्री त्या पांच-सहा आठवड्यांत कोणासही जवळ फिरकूं देत नाहीं. अशी जागा घरच्या माणसांस, विशेषतः मुलांस, आधींच दाखवून ठेवावी व तेवढे दिवस वाट बदलावी. पिलें उचलून आणण्याचा मुलांचा छंद ह्याच दिवसांत बाधतो.

आमच्या भागांत आणखी एक प्रसंग नेहमींचा आहे. पावसाळा सरला कीं कोरडवाहू मुलखांतील मेंढपाळ आपले कळप घेऊन बागायती भागांकडे व घाटाखालीं कोंकणांत उतरतात, आणि खतासाठीं आपणच त्यांच्या मेंढ्या रात्रभर शेतांत बसवून घेतों. ह्या कळपांबरोबरचीं कुत्रीं लांडग्यांपासून मेंढरें राखण्यासाठींच ठेवलेलीं असतात. त्यांच्या दृष्टीनें, अंधारांतून कळपाकडे येणारी प्रत्येक आकृति ही शत्रु होय. शेत कोणाच्या नांवावर आहे, ह्याच्याशीं त्यांना कर्तव्य नाहीं. पुष्कळ शेतकरी आपल्याच शेतांत, आपणच बसविलेल्या मेंढ्यांजवळ चावून घेतात तें ह्यामुळें. अशा कुत्र्यास चावरा म्हणणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. तो आपली चाकरी करीत असतो. उपाय सोपा आहे. पन्नास-साठ पावलांवरूनच मेंढक्याला मोठ्यानें हांक द्यावी, बत्तीचा झोत कुत्र्याच्या डोळ्यांवर न टाकतां आपल्या पायांजवळ जमिनीवर ठेवावा, आणि मेंढक्यानें कुत्रीं बोलावून घेईपर्यंत जागचें हलूं नये. कुत्रा आणि कळप ह्यांच्या मध्यें तर कधींही शिरूं नये. रात्रीं पंपाकडे जावयाचें असेल, तर मेंढ्या बसवितांनाच मेंढक्याशीं बोलून वाघर पंपाच्या वाटेपासून दूर लावण्यास सांगावें. मेंढकेही ह्यास नाहीं म्हणत नाहींत.

कुत्र्याचा मनसुबा त्याच्या अंगावरून ओळखतां येतो. शेंपूट हलतें म्हणजे तो गोडींत आहे, ही समजूत सर्वस्वीं खरी नव्हे. अंग सैल ठेवून, कंबरेसकट शेंपूट हलविणारा कुत्रा गोडींत असतो. पण शेंपूट ताठ उभें, त्याचें टोंक मात्र थरथरतें, मानेवरचे केंस उभे, नजर एकटक आणि ओंठ वर चढून दांत दिसताहेत, असा कुत्रा हल्ल्याच्या तयारींत असतो. शेंपूट पायांत, कान मागें पडलेले आणि अंग चोरलेलें असेल, तर तो भ्यालेला आहे; त्याला निसटण्यास वाट मोकळी ठेवावी, म्हणजे तो आपण होऊन जातो. भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षां गप्प राहून मागून येणाऱ्याकडे अधिक लक्ष असूं द्यावें.

पायीं चालतांना कुत्रा धांवून आला, तर पहिला नियम असा कीं पळूं नये. मनुष्यास कुत्र्याहून वेगानें पळतां येत नाहीं, आणि पळणाऱ्याची पाठ व पोटऱ्या त्याला आयत्या मिळतात. जागच्या जागीं थांबावें, अंग थोडें तिरपें करावें, त्याच्या डोळ्यांशीं डोळा भिडवूं नये, परंतु त्याच्यावरून नजर काढूंही नये. हात फिरवूं नयेत. भरड्या, ठाम आवाजांत एकदां 'हाड!' म्हणावें, किंचाळूं नये, कारण किंचाळण्यानें त्याची उत्तेजना वाढते. नंतर पाठ न दाखवितां हळू हळू, बाजूबाजूनें, त्याच्या हद्दीबाहेर सरकत जावें. वाटेवरच्या कुत्र्यांस धोंड्याची ओळख लहानपणापासून असते. नुसतें खालीं वांकून धोंडा उचलल्यासारखें केलें, तरी एकटा-दुकटा कुत्रा बहुधा मागें हटतो. परंतु तो अगदीं हाताच्या अंतरावर आला असेल, तर वांकूं नये. त्यायोगें तोंड व मान त्याच्यासमोर जातात. झुंड असेल, तर बांध, भिंत किंवा झाड पाठीशीं घ्यावें, म्हणजे मागून येणाऱ्याची भीति उरत नाहीं.

काठी अवश्य असावी. मात्र ती मारण्यासाठीं नव्हे, अंतर राखण्यासाठीं. काठी आडवी पुढें धरली, म्हणजे कुत्रा तिच्या टोंकाशीं झगडत राहतो. ती उगारून फिरविली, कीं एक तर तो चिडतो आणि घाव चुकला कीं आंत शिरतो. पावसाळ्यांत छत्री काठीहूनही चांगली. कुत्र्याच्या तोंडासमोर ती एकदम उघडली, म्हणजे त्याला समोर भिंत उभी राहिल्यासारखें वाटतें. घोंगडी, पोत्याची खोळ, भाकरीची पिशवी, जें हातीं असेल तें पुढें करावें. त्यास चावण्यास कांहीं तरी मिळालें, म्हणजे आपला हात वांचतो. इतकें करूनही खालीं पडलों, तर उताणें राहूं नये. पोटावर वळून गुडघे पोटाशीं घ्यावे, दोन्ही हातांचे पंजे मानेमागें गुंफून कोपरांनीं कान झांकावे, तोंड जमिनीकडे करावें, आणि ओरडण्याचा मोह आवरून निपचित पडून राहावें. मुलांना हा प्रकार घरीं अंगणांत दोन-चार वेळां करून दाखवावा. प्रसंगीं सांगितलेलें आठवत नाहीं, केलेलें आठवतें. कुत्र्यानें हात पकडलाच असेल, तर हिसका देऊन सोडवूं नये. त्यानें मांस फाटून लहान जखम मोठी होते.

सायकलीची गोष्ट थोडी निराळी आहे. थोड्या अंतरापुरता कुत्रा ताशीं ३० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवूं शकतो. दुधाच्या किटल्या लादलेली सायकल ताशीं १२ ते १५ च्या पुढें जात नाहीं. तेव्हां जोरानें पेडल मारून निसटण्याचा विचार उताराची सडक असल्याखेरीज करूं नये. सायकलस्वारांना चाव्यापेक्षां पडण्यानेंच अधिक इजा होते. कुत्र्याकडे पाहत लाथ उगारणारा मनुष्य तोल जाऊन खडीवर किंवा मागून येणाऱ्या वाहनापुढें पडतो. कुत्रा दिसतांच वेग कमी करावा. पाय स्थिर ठेवून सायकल आपोआप चालूं दिली, तर पुष्कळ कुत्र्यांचा उत्साह तेथेंच मावळतो, कारण त्यांना फिरते पायच दिसत असतात. तरीही तो अंगावर येत असेल, तर उतरावें. मात्र त्याच्या विरुद्ध बाजूस उतरावें, म्हणजे सायकल आपल्या व त्याच्या मध्यें राहते. ती ढालीसारखी धरून त्याच्या हद्दीबाहेर चालत जावें आणि मगच पुन्हां बसावें. दांडीस पाण्याची बाटली अडकविलेली असावी. तोंडावर बसलेल्या पाण्याच्या पिचकारीनें बहुतेक कुत्रीं दचकून थांबतात, व त्यांस इजाही होत नाहीं. रोजच्या वाटेवर तेंच कुत्रें रोज आडवें येत असेल, तर मालकाचा शोध घेऊन त्याच्याशीं बोलावें. ह्या एका उपायानें जें होतें, तें दहा धोंड्यांनीं होत नाहीं.

आतांपर्यंत सांगितलें तें शहाण्या कुत्र्याविषयीं. पिसाळलेल्या कुत्र्यास वरील कोणताच नियम लागू नाहीं. त्यास हद्द नसते, भय नसतें, 'हाड' कळत नाहीं. तो न भुंकतां वाटेंत येईल त्याला, काठीला, दगडाला, गुरांना चावत सुटतो. आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, चाल झोकांडते. दुसऱ्या प्रकारांत तो मुका होऊन अंधाऱ्या कोपऱ्यांत पडून राहतो. त्याची कींव येऊन जवळ जाणारा मनुष्य फसतो. असा कुत्रा दिसल्यास जवळच्या घरांत शिरून दार लावावें, नाहीं तर गाडीवर, गंजीवर, झाडावर चढावें, आणि ग्रामपंचायतीस व पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावें. येथें एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. पिसाळलेलें कुत्रें पाण्याला भितें, आणि हें कुत्रें तर ओढ्याचें पाणी पितें आहे, म्हणून तें चांगलें आहे, असा तर्क पुष्कळ लोक करतात. पाण्याचें भय हें माणसास होणाऱ्या रोगाचें लक्षण आहे. कुत्र्यांत तें आढळत नाहीं. पिसाळलेलें कुत्रें ओढा ओलांडूनही येतें.

चावल्यानंतर पहिल्या पंधरा मिनिटांचें महत्त्व फार आहे. विषाणु लाळेबरोबर जखमेंत उतरतो, तेथून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे सरकतो. ही वाटचाल सामान्यतः दोन-तीन महिन्यांची, क्वचित् आठवड्याचीच, तर क्वचित् वर्षाहूनही अधिक असते. आणि चावा डोकें, तोंड किंवा हातांच्या बोटांवर असेल, तर धोका अधिक. म्हणून जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पुरीं १५ मिनिटें धुवावी. पंपाचें पाणी, चारीचें पाणी, हापसा, जें जवळ असेल तें चालेल. स्वच्छ पाण्यासाठीं घरीं जाईपर्यंत थांबूं नये. साध्या अंगाच्या साबणानें विषाणु मरतो, हें ध्यानांत ठेवून पंपाच्या खोपींत साबणाची वडी कायम ठेवावी. तिखट, हळद, चुना, तंबाखू, रॉकेल, तेल भरणें, डाग देणें, ह्यांपैकीं कांहीं करूं नये. त्यांनीं जखम चिघळते व विषाणु उलट आंत ढकलला जातो. घट्ट पट्टी बांधूं नये, आणि टांके शक्यतों घालूं नयेत असेंच वैद्यकशास्त्र सांगतें.

मग त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. सरकारी रुग्णालयांत ही लस मिळते. कातडींत टोंचावयाच्या पद्धतीनें पहिल्या दिवशीं, तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं दोन्ही दंडांत लहान लहान टोंचण्या देतात. पहिल्या टोंचणीचा दिवस शून्य धरून हे दिवस मोजावयाचे. स्नायूंत द्यावयाच्या पद्धतींत चौदावा दिवसही असतो. कातडी फाटून रक्त आलें असेल, किंवा लाळ डोळ्या-तोंडांस लागली असेल, तर लसीबरोबर जखमेंतच भरावयाचें प्रतिद्रव्य निराळें असतें. तें मागून घेण्यास संकोच करूं नये. नुसता ओरखडा आहे, रक्त नाहीं, म्हणून गप्प बसूं नये. त्यालाही लस हवी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनींही ती घ्यावयाची आहे. पोटांत चौदा सुया घ्याव्या लागतात, ह्या धास्तीनें अजूनही कित्येक लोक दवाखाना चुकवितात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती. पाश्चर ह्यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस येथें एका नऊ वर्षांच्या मुलास प्रथम लस टोंचल्यानंतर आपल्या देशांत १९०० सालीं कसौली येथें पाश्चर संस्था निघाली, आणि तेथेंच सेंपल ह्यांनीं ती मेंढीच्या मेंदूची लस सिद्ध केली. तिनें अनेक जीव वांचविले. परंतु २००४ अखेर तिचें उत्पादन आपल्याकडे बंद झालें. आतांच्या टोंचण्या दंडांतल्या आहेत.

चावणारें कुत्रें ओळखीचें असेल, तर त्याला मारूं नये. बांधून दहा दिवस नजरेखालीं ठेवावें. लाळेंत विषाणु असलेलें कुत्रें बहुधा ह्या मुदतींत आजारी पडून मरतें. धड राहिलें, तर पुढील टोंचण्यांविषयीं डॉक्टर ठरवितील. मात्र ह्या दहा दिवसांच्या निकालासाठीं पहिली टोंचणी थांबवूं नये. मांत्रिकाकडे जावयाचें असेल, तर टोंचून घेऊन जावें. आमची त्यास हरकत नाहीं.

शेतकऱ्यास दुसरा धोका गोठ्यांतून आहे, व तो फारसा कोणी सांगत नाहीं. पिसाळलेलें कुत्रें रात्रीं बैलास किंवा म्हशीस चावून जातें. जखम केंसांत दडते, कोणास पत्ता नसतो. कांहीं आठवड्यांनीं जनावर चारा सोडतें, घोगऱ्या आवाजांत एकसारखें हंबरतें, लाळ गाळतें, गिळूं शकत नाहीं. धन्यास वाटतें कीं घशांत कांहीं तरी अडकलें, आणि तो कोपरापर्यंत हात तोंडांत घालून पाहतो. जनावराच्या दांतांनीं खरचटलेल्या हातास ती लाळ लागली, म्हणजे झालें. अशीं लक्षणें दिसतांच जनावर वेगळें बांधावें, तोंडांत हात घालूं नये, आणि पशुवैद्यास बोलवावें. हात आधींच घातला असेल, तर वर सांगितल्याप्रमाणें धुवून दवाखान्यांत जावें. अशा जनावराचें कच्चें दूध पिऊं नये व विकूंही नये. कुत्रा चावतांना दिसला असेल, तर जनावराची जखमही साबणानें धुवून त्याच दिवशीं पशुवैद्याकडून लस सुरू करावी. वेळेवर केल्यास बैल वांचतो.

गांवाभोंवतीं कुत्रीं कां माजतात, ह्याचें उत्तर पुष्कळ अंशीं आपल्याच बांधावर आहे. मेलेलें जनावर उघड्यावर टाकण्याची चाल जुनी आहे. पूर्वीं तें गिधाडें दोन प्रहरांत संपवीत. १९९० नंतर गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं. गुरांस दुखण्यावर दिलें जाणारें डायक्लोफिनॅक नांवाचें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करतें, असें २००४ सालीं सिद्ध झालें, आणि २००६ सालीं गुरांसाठीं तें आपल्या देशांत बंद करण्यांत आलें. गिधाडें अद्याप परत आलीं नाहींत, पण मेलेलीं जनावरें टाकण्याची चाल राहिली. तें मांस आतां कुत्र्यांच्या वांट्यास येतें. कोंबड्यांच्या शेडामागें मेलेलीं पिलें फेकणें हा त्यांतलाच नवा प्रकार. अशा आयत्या मांसावर पोसलेली झुंड पुढें शेळ्या-करडांवर आणि अखेरीस माणसांवर जाते. मेलेलें जनावर खोल खड्ड्यांत, वर-खालीं चुना पसरून, विहीर व ओढा ह्यांपासून लांब पुरावें, आणि शेडवाल्यांस ग्रामपंचायतीनें खड्डा करण्याची सक्ति करावी.

विष घालून कुत्रीं मारण्याचा विचार मनांत आणूं नये. तो कायद्यानें गुन्हा आहेच. शिवाय तें विष आपल्याच शेळीच्या राखणदाराच्या पोटांत जातें, आणि मोकळ्या झालेल्या जागीं शेजारच्या गांवचीं, लस न टोंचलेलीं कुत्रीं येतात. शंभरांतील सत्तर कुत्र्यांस लस टोंचली गेली, म्हणजे रोगाची सांखळी तुटते, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणें कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना पूर्वीच्याच जागीं सोडण्याचें काम स्थानिक संस्थेचें आहे. ग्रामसभेंत तशी मागणी लेखी नोंदवावी.

राहिला आपला स्वतःचा कुत्रा. मळ्यावर राखणीस कुत्रा हवाच. परंतु सडकेला लागून वस्ती असेल, तर दिवसा तो बांधलेला असावा, व रात्रीं सोडल्यास कुंपणाच्या आंत असावा. आपल्या जनावरापासून दुसऱ्यास इजा होऊं नये ह्याची काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वयें सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. वाटसरूवर छू करून सोडण्याची गंमत मुलांस करूं देऊं नये. त्या कुत्र्यास पुढें गंमत आणि काम ह्यांतला भेद कळत नाहीं. पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं पहिली लस टोंचावी, पशुवैद्य सांगतील त्या दिवशीं दुसरी, आणि त्यानंतर दर वर्षीं एक. बैलांच्या लाळ्या-खुरकताच्या लसीसाठीं पशुवैद्य वस्तीवर येतात, त्याच दिवशीं कुत्र्यालाही साखळीस बांधून पुढें करावें व दाखला घेऊन ठेवावा.